खोटा पत्ता

गोष्ट आहे १९८० नंतरच्या लॉस एंजेलिसमधली. गरीब वस्तीतल्या कामगाराने गाडी कितीही जपून हाकली, तरी विम्याचा हप्ता ठरवताना त्याची वस्ती आड येई. मग कोणी उपनगरातल्या मेहुण्याचा पत्ता लिहून देई. हप्ता घटे, पण लबाडी उघडी पडली, तर भरपाई बुडण्याची टांगती तलवार! शिवाय शेजाऱ्याचा हप्ता होता तेवढाच राही.

नोव्हेंबर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १०३ वा प्रस्ताव मंजूर केला. चालकाची वर्तणूक, वर्षाकाठी कापलेले मैल आणि अनुभव यांना पत्त्याहून अधिक वजन द्यावे, असा कायदा झाला. तो नीट अंमलात आणणारे नियम यायला २००६ साल उजाडले. लढा लांबला खरा. पण त्यात शेजाऱ्याचाही वाटा होता.