शिडाच्या नौकेतील डीझेल एंजिन : वेगमर्यादा व अतितापन
वारा पडला असता किंवा बंदरात शिरताना शिडाची नौका चालविण्यासाठी तीत बसविलेले साहाय्यक एंजिन. रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्क येथे यशस्वीपणे चालले. रोआल्ड आमुनसेन यांनी १९१० मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी ‘फ्राम’ या शिडाच्या जहाजातील वाफेचे एंजिन काढून तेथे १८० अश्वशक्तीचे स्वीडिश डीझेल एंजिन बसविले. बाष्पित्र तापविण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचला.

लहान नौकांना मात्र अशा एंजिनाचे वजन पेलणारे नव्हते. १९३३ मध्ये जपानच्या यानमार कंपनीने आटोपशीर आकाराचे डीझेल एंजिन तयार केले. जुनी जड एंजिने बहुधा मिनिटास २,००० पेक्षा कमी फेरे घेत; १९८० नंतरच्या हलक्या एंजिनांत हा वेग ३,६०० पर्यंत गेला. तो आवाज ऐकून जुन्या वळणाचे नावाडी एंजिन मुद्दाम मंद चालवीत. ही सावधगिरी बव्हंशी अनाठायी होती. यानमारच्या ‘२ जीएम २०’ एंजिनाची ३,६०० फेऱ्यांवरील १८ अश्वशक्ती एका तासापुरती, तर ३,४०० फेऱ्यांवरील १६ अश्वशक्ती सतत वापरासाठी ठरविलेली होती. एरवी २,५०० ते २,९०० फेरे सोयीचे. उलट भाराविना दीर्घकाळ मंद चालविल्यास ज्वलन अपुरे राहते, काजळी साचते आणि सिलिंडरच्या अंतर्भागास चकाकी येऊन तेथे वंगण टिकत नाही.

खरा धोका फेऱ्यांपेक्षा भाराचा असतो. विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात दाखविल्याप्रमाणे नौका स्वतःच उठविलेल्या लाटेत अडकते. पाण्याच्या पातळीवर ९ मी. लांबी असलेल्या नौकेस ताशी सु. ७ सागरी मैलांपलीकडे रेटणे म्हणजे इंधन व उष्णता वाढविणे होय. मळसूत्री पंखा प्रमाणाबाहेर मोठा असल्यास किंवा त्यावर शेवाळ व कवचधारी जीव वाढल्यास एंजिन पुरे फेरे घेऊ शकत नाही, काळा धूर सोडते व तापते.

अतितापनाचे दुसरे कारण पाण्याच्या वाटेत सापडते. समुद्राचे पाणी थेट फिरविणाऱ्या एंजिनात क्षार साचू नयेत म्हणून तापनियंत्रक झडप सु. ४२° से. तापमानासच उघडते, पण इतके थंड एंजिन लवकर झिजते. म्हणून पुढे आत गोडे पाणी व बाहेर समुद्राचे पाणी खेळविणारा उष्णता-विनिमयक रूढ झाला आणि ही मर्यादा सु. ७१° से. पर्यंत नेता आली. तरीही वनस्पती वा प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी अडकणे, पंपातील रबरी पाती तुटणे, धूर व पाणी एकत्र येणाऱ्या वाकड्या नळीत काजळी व क्षार साचणे या अडचणी राहिल्याच. दुर्लक्ष झाल्यास सिलिंडरचे डोके तडकते किंवा दट्ट्या अडकून बसतो; आणि हे बहुधा बंदराच्या अरुंद तोंडाशी, नौका खडकाकडे ढकलली जात असताना घडते, कारण एंजिनावर सारा भार तेथेच येतो. तापमापकाचा काटा चढण्यापूर्वी पुष्कळदा मागील नळीतून पडणारे पाणी कमी झालेले दिसते.