पत राखणारा हिरा

१/५
मराठीतील ‘पत’ या एकाच शब्दात कर्ज मिळण्याची पात्रता आणि माणसाची प्रतिष्ठा हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. १९२४ साली जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात या दोहोंची एकदमच कसोटी लागली.

२/५
१९०७ मध्ये कंपनीचे भांडवल सुमारे ८,००० भारतीयांनी अवघ्या तीन आठवड्यांत उभे केले होते. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाच्या किमती कोसळल्या, स्वस्त परदेशी माल बाजारात आला आणि अखेर कामगारांच्या पगारापुरतेही पैसे उरले नाहीत.

३/५
कंपनीचे कर्ज ही कायद्याने अध्यक्षांची वैयक्तिक जबाबदारी नव्हती. तरीही सर दोराबजी टाटा यांनी सुमारे १ कोटी रुपयांची आपली खाजगी संपत्ती इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. तीत पत्नी मेहेरबाईंचे दागिने होते. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. बँकेने कर्ज दिले, पगार झाले.

४/५
कारखाना केवळ हिऱ्यामुळे तरला, असे मात्र नव्हे. त्याच वर्षी सरकारने लावलेल्या संरक्षक जकातीचाही त्यात मोठा वाटा होता. पण निकडीचे दिवस निभावले ते या तारणामुळेच.

५/५
मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, दोराबजी १९३२ मध्ये. पुढे हिरा विकला गेला आणि रक्कम त्यांच्या विश्वस्त निधीत जमा झाली. त्याच निधीने १९४१ मध्ये परळला कर्करोगासाठी टाटा स्मारक रुग्णालय उभारले. हिरा परदेशी गेला. पत येथेच राहिली.