नऊ दिवसांनंतर

कुष्ठरोग्याला गावाबाहेर ठेवण्याची रीत मागे पडली. मनोरुग्णाला मात्र आपण अजूनही घरातल्या घरात गावाबाहेर ठेवतो. घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही दारोदार जातो, तेव्हा एखाद्या घरी आतल्या खोलीचे दार लोटलेले आढळते. ‘तिथे कोणी नाही, फादर,’ असे सांगणाऱ्या मातेच्या स्वरातच सारे उमगते. धाकट्या मुलीचे लग्न जमायचे असते. अशा दाराशी थबकलो की आम्हांला बेल्जियममधील गील या गावाचा इतिहास आठवतो.

अँटवर्प प्रांतातील या गावी संत दिम्फनेचे चर्च आहे. १३ व्या शतकात लिहिली गेलेली तिची आख्यायिका अशी : आयर्लंडच्या एका राजाची राणी निवर्तली. शोकाने बुद्धिभ्रंश झालेल्या राजाने आपल्या कन्येशीच विवाहाचा हट्ट धरला. दिम्फना आपले धर्मगुरू गेरेबर्नुस यांच्यासह समुद्र ओलांडून पळाली. राजाने गीलपर्यंत पाठलाग करून तिचा शिरच्छेद केला. यात इतिहास किती व लोककथा किती, हा प्रश्न वेगळा. परंतु पित्याच्या वेडाला बळी पडलेली ही कुमारिका मनोरुग्णांची आश्रयदाती संत ठरली.

दूरदूरचे लोक आपल्या आप्तांना तेथे आणू लागले. चर्चला लागून असलेल्या रुग्णखोलीत रुग्ण नऊ दिवस राही व त्याच्यासाठी नोव्हेना होई. कोणी बरे होऊन परते. अनेक जण होत नसत. खोली अपुरी पडू लागली. दहाव्या दिवशी या लोकांचे काय करायचे? खरा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो. गीलच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी नेले. जेथे चमत्कार घडला नाही, तेथे शेजारधर्म सुरू झाला.

हे चित्र उगाच गोड रंगवू नये. रुग्णामागे पैसे मिळत, शेतीला हातभार लागे. काहींच्या पायांत बेड्याही असत. तरी रुग्ण घरच्यांच्या पंगतीला जेवी, गुरे राखी, मुले सांभाळी. गीलकर त्याला वेडा म्हणत नसत. पैसे देऊन घरी राहणारा-जेवणारा, अशा अर्थाचा साधा शब्द वापरीत. स्वतःशी बोलत रस्त्याने जाणाऱ्या माणसाचे तेथे कुणाला नवल नव्हते. १८२१ मध्ये फ्रेंच वैद्य एस्किरोल हे सारे पाहण्यास आले. १८५० च्या कायद्याने व्यवस्था शासनाकडे गेली आणि १८६२ मध्ये रुग्णालय उभे राहिले. घर आणि वैद्यकशास्त्र एकमेकांचे सोबती झाले.

१९३८ मध्ये गीलच्या घरांत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण राहत होते. पुढे औषधे सुधारली, शेती घटली, कुटुंबे लहान झाली. अलीकडे हा आकडा दोनशेच्या आसपास उतरला. तथापि २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद वारसा-जतनाचा आदर्श म्हणून केली.

आम्ही धर्मगुरूंनी आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. १९१७ च्या कॅनन कायद्यात फेफरे, वेड आणि भूतबाधा ही तिन्ही एकाच ओळीत, गुरुदीक्षेचे अडसर म्हणून, मांडली होती. १९८३ च्या संहितेने ती ओळ मोडली. फेफरे व भूतबाधा वगळली आणि मानसिक आजाराबाबत तज्ज्ञांचे मत घेण्यास सांगितले. कायदा बदलला, ती ओळ आपल्या मनांतून अद्याप पुसली गेलेली नाही. म्हणून आजही काही कुटुंबे प्रथम बाधा उतरविण्यासाठी धावतात आणि डॉक्टरांकडे फार उशिरा पोहोचतात. नोव्हेना अवश्य करावी. पण औषध घेतल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही, हेही आम्ही वेदीवरून स्पष्ट सांगावयास हवे.

संत मार्कच्या शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणारा एक मनुष्य भेटतो. लोकांनी त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले होते. बरा झाल्यावर तो प्रभूबरोबर नावेत बसू पाहतो. पण प्रभू त्याला आपल्या माणसांकडे, घरी, पाठवितो. घरच्यांनी दार उघडले की नाही, हे मार्क सांगत नाही. आपल्या धर्मग्रामापुरते ते उत्तर आपल्यालाच द्यावयाचे आहे.