पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस (पीव्हीएनएस), गुडघ्याचा

सांध्याच्या आतल्या अस्तराचा विरळा विकार. अस्तर जाड होते, त्यावर झुपके व गाठी वाढतात आणि झिरपलेल्या रक्तातले लोह साचून ते तपकिरी पडते. रुग्ण बहुधा २० ते ५० वर्षांचे असतात. सर्वाधिक आढळ गुडघ्यात.

जाफी, लिक्टेनस्टाइन व सुट्रो यांनी १९४१ मध्ये हे नाव रूढ केले, ते विकार दाहाचा समजून. प्रत्यक्षात ही अर्बुदवाढ आहे. थोड्याशा पेशींत सीएसएफ-१ जनुकाची जागा बदलते, त्या याच नावाचे प्रथिन भरमसाट बनवतात आणि त्यामुळे मॅक्रोफेज पेशी गोळा होतात. गाठीत भरणा असतो तो या गोळा झालेल्यांचाच. म्हणून आता 'टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर' म्हणतात. हा कर्करोग नव्हे. तसे रूपांतर अत्यंत क्वचित होते.

निदानाला वर्षे लागतात, आणि त्यात नवल नाही. मार न लागता गुडघा सुजतो, मध्येच अडकतो. पाणी काढले की बरे वाटते, पुन्हा भरते. एक्स-रे बहुधा निर्दोष. आपल्याकडे अशा एकाच सुजलेल्या गुडघ्यात क्षयाची शंका आधी येते, आणि ती तपासायलाच हवी. सुईने काढलेले पाणी लालसर-तपकिरी निघाले तर मात्र पीव्हीएनएस आठवावा. एमआरआयच्या ग्रेडियंट एको चित्रांत लोहामुळे काळे डाग पसरट दिसतात. हिमोफिलियातही तसे दिसू शकतात, म्हणून रक्तस्रावाचा पूर्वेतिहास विचारावा. खात्री बायोप्सीने होते.

एकच गाठ असेल तर दुर्बिणीतून किंवा छेद घेऊन काढतात. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. पसरलेला प्रकार चिवट. गुडघ्यामागे मुख्य रक्तवाहिन्या व नसा असल्याने तिथले अस्तर दुर्बिणीतून पूर्ण निघणे कठीण. पुढून दुर्बीण, मागून उघडी शस्त्रक्रिया अशी जोड द्यावी लागते. तरीही तो अनेकदा उलटतो. मग काही ठिकाणी किरणोपचार देतात. कूर्चा झिजून गेल्यास सांधेरोपण. शस्त्रक्रियेने फारसा लाभ होणार नसेल तेव्हा सीएसएफ-१चा ग्राही रोखणारी औषधे असतात. अमेरिकेत पेक्सिडार्टिनिबला २०१९ मध्ये मान्यता मिळाली, पण यकृताला गंभीर इजा होण्याच्या धोक्यामुळे कडक देखरेखीसह; युरोपीय नियामकाने ते नाकारले. २०२५ मध्ये अमेरिकेत व्हिमसेल्टिनिब आले. त्रास नगण्य असेल तर शस्त्रक्रियेची घाई न करता ठरावीक काळाने एमआरआय करत राहणेही योग्य ठरते.