कसाऱ्याचा लोहमार्ग आणि सहकुटुंब सहल
महाराष्ट्रात लेकराबाळांसह घराबाहेर जाऊन जेवण्याची जुनी पद्धत धर्मकृत्याशी बांधलेली होती. कार्तिकातील आवळीभोजन, म्हणजे आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याच्याच सावलीत पंगत मांडण्याचा प्रघात, हे तिचे सर्वपरिचित रूप होय. अशा वनभोजनाची मर्यादा पायी चालण्याच्या अंतराएवढीच असे, आणि कडेवरच्या मुलामुळे ती आणखी आखडे. ही मर्यादा लोहमार्गाने मोडली. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेली गाडी १८५४ मध्ये कल्याणला पोचली, तेथून निघणारा ईशान्येचा फाटा १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत गेला, आणि आज ज्यावर शहाड, आंबिवली व टिटवाळा ही स्थानके ओळीने येतात तो काळू नदीचा पट्टा मुंबईशी जोडला गेला.

टिटवाळ्याचे महागणपती मंदिर, ज्याच्या जीर्णोद्धाराशी परंपरा थोरल्या माधवराव पेशव्यांचे नाव जोडते, हे या पट्ट्यातील सहलीचे प्रमुख निमित्त ठरले; अंगारकीला, म्हणजे मंगळवारी येणाऱ्या संकष्ट चतुर्थीला, तेथे विशेष गर्दी लोटते. दर्शन मोठ्यांसाठी आणि आगगाडीची खिडकी मुलांसाठी, अशी ही वाटणी होती, आणि खर्चाला धार्मिक आधार मिळाल्याने काटकसरी घरांतही सहलीला विरोध होत नसे. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी सुरू झाली खरी, परंतु मुक्कामाचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगे टिटवाळेच अधिक सोयीचे होते.