एका डॉलरचं भाडं

तर मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण आमच्या घरात सध्या यावरूनच वाद चालू आहेत. आमच्या गावातली जुनी भाजी मंडई नगरपालिकेच्या मालकीची. ती जागा मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्यानं एखाद्या बड्या दुकानसाखळीला द्यावी आणि सुरुवातीची काही वर्षं भाडं नाममात्र ठेवावं, अशी चर्चा गावात आहे. माझा पन्नाशीचा पुतण्या म्हणतो, "काका, पत्रे गळतात, चिखल तुडवत भाजी घ्यावी लागते. स्वच्छ दुकान आलं, चार पोरांना नोकऱ्या लागल्या, तर बिघडलं कुठं?" वहिनींचं म्हणणं अगदी उलट. ज्या बायकांकडून त्या चाळीस वर्षं मेथी आणि कोथिंबीर घेत आल्या, त्या बायकांनी जायचं कुठं?

मी दोघांचंही ऐकून घेतो. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे असा प्रश्न आला की 'हे पूर्वी कुणी करून पाहिलंय का?' असं मनात येतंच. करून पाहिलंय. आणि त्याची सगळ्यात बोलकी गोष्ट अमेरिकेतल्या बोस्टन शहराची आहे, म्हणून आधी ती सांगतो.

बोस्टनमध्ये मंडईवरून भांडणं अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीपासूनची. खेड्यातून माल घेऊन येणाऱ्यांना दारोदार फिरून विकायचं होतं. काही नागरिकांना एका जागी, नियमात बसणारी मंडई हवी होती. गावानं बांधलेली एक मंडई तर १७३७ मध्ये जमावानं रात्रीतून पाडून टाकली. पुढे १७४० मध्ये पीटर फॅन्युइल नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यानं 'माझ्या खर्चानं मंडई बांधून गावाला भेट देतो' असं सांगितलं. (या व्यापाऱ्याचा गुलामांच्या व्यापारातही हात होता, हे इथं नमूद करायला हवं.) फुकट मिळणाऱ्या इमारतीला कोण नाही म्हणेल? पण गावसभेत मतदान झालं तेव्हा बाजूनं ३६७ आणि विरोधात ३६०! अवघ्या सात मतांनी ती भेट स्वीकारली गेली. वर सभेसाठी दालन आणि खाली मंडई अशी ती इमारत १७४२ मध्ये उभी राहिली. मला हा आकडा फार आवडतो. फुकट मिळतंय म्हणून मान डोलवायची नाही, त्यातून कुणाचा फायदा आणि कुणाचं नुकसान हे आधी विचारायचं, ही जाण त्या ३६० लोकांना होती. ते बरोबर होते की चूक, हा भाग वेगळा.

पुढे शहर वाढलं, ती मंडई अपुरी पडू लागली. महापौर जोसाया क्विन्सी यांनी खाडीकाठी भराव घालून १८२४ ते १८२६ या काळात ग्रॅनाइटची एक लांबलचक मंडई बांधली. ॲलेक्झांडर पॅरिस हे तिचे वास्तुरचनाकार. मधली मंडई शहराच्या मालकीची राहिली आणि तिथले गाळे शहरानं मटण, मासे, लोणी, भाजी विकणाऱ्यांना भाड्यानं दिले. दोन्ही बाजूंचे भूखंड मात्र लिलावानं व्यापाऱ्यांना विकले, आणि तेही दर्शनी भाग अमुक पद्धतीचाच बांधायचा या अटीवर. म्हणजे मालक म्हणून काय ठेवायचं, काय विकायचं आणि कोणत्या अटीवर, याचा विचार त्या महापौरांनी केला होता.

सव्वाशे वर्षं हे चाललं. मग ट्रक आले, शीतगृहं आली, घाऊक व्यापार शहराबाहेर गेला. आपल्या पुण्यात घाऊक बाजार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तसंच. १९६० च्या दशकात त्या इमारती ओस पडल्या. पाडून टाकाव्यात असंही बोललं जाऊ लागलं. तेव्हा बेंजामिन थॉम्पसन या वास्तुरचनाकारानं कल्पना मांडली की, इमारती राखू आणि तिथं पुन्हा बाजार भरवू. जेम्स राउझ यांची कंपनी ते करायला तयार झाली. पण शहराच्या मध्यभागी, मोडकळीला आलेल्या इमारतींत कुणी खरेदीला येईल यावर बँकांचा विश्वास नव्हता. अखेर शहरानं राउझ कंपनीला ९९ वर्षांचा पट्टा दिला. भाडं किती? वर्षाला एक डॉलर!

इथंच थांबलो तर ही गोष्ट अर्धवट राहील. एक डॉलर हे नावाचं भाडं होतं. शिवाय मालमत्ता करांऐवजी कंपनीला मिळणाऱ्या भाड्यातला ठरावीक वाटा शहराला द्यायचा, असा करार होता. म्हणजे शहरानं आधी झीज सोसायची, पण धंदा चालला तर त्यात भागीदार व्हायचं. २६ ऑगस्ट १९७६ रोजी, मूळ मंडई उघडली त्याला बरोबर दीडशे वर्षं झाली त्या दिवशी, नवा बाजार सुरू झाला. गंमत अशी की मोठे भाडेकरू पुरेसे मिळालेच नव्हते. रिकाम्या जागा दिसू नयेत म्हणून हातगाड्या मांडल्या आणि त्या स्थानिक कारागिरांना, छोट्या विक्रेत्यांना थोड्या मुदतीसाठी दिल्या. लोक लोटले ते त्या हातगाड्यांवर आणि खाण्याच्या गाळ्यांवर. ज्या प्रकल्पाला बँका पैसे द्यायला कचरत होत्या, त्याच्या नकला पुढे अमेरिकेतल्या अनेक शहरांनी केल्या.

माझा पुतण्या इथं म्हणेल, "बघा काका, सवलत दिली म्हणून तर झालं!" त्याचं हे म्हणणं मी मान्य करतो. कुणीच पुढं येत नव्हतं, इमारती पडायच्या बेतात होत्या, आणि शहरानं नफ्यात वाटा मागून घेतला होता. अशा वेळी दिलेली सवलत मी चूक म्हणणार नाही.

पण पट्टा ९९ वर्षांचा आहे, आणि गोष्ट पहिल्या दहा वर्षांत संपत नाही. हळूहळू स्थानिक दुकानं कमी झाली आणि देशभर सगळीकडे दिसणाऱ्या साखळ्यांची दुकानं वाढली. २००४ मध्ये राउझ कंपनीच दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. २०११ मध्ये पट्टा न्यूयॉर्कच्या आणखी एका कंपनीकडे गेला आणि पुढे तिच्याकडूनही दुसऱ्याकडे. शहरानं विश्वास टाकला होता तो जेम्स राउझ यांच्यावर. ते १९९६ मध्ये वारले. पट्टा मात्र चालूच आहे, आणि तो कुणाच्या हातात पडेल हे बाजार ठरवतो. डर्गिन पार्क नावाचं खाणावळवजा हॉटेल तिथं १८२७ पासून होतं. लांब टेबलांवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवायचं, अशी तिथली पद्धत. ते २०१९ मध्ये बंद झालं. हे सगळं केवळ भाडेपट्ट्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, काळही बदलला. पण काळ बदलला तेव्हा मालकाच्या हातात लगाम असायला हवा होता, तो त्यानं शतकभरासाठी सोडून दिला होता.

आता दुसरं शहर पाहा. सिअॅटलमध्ये १९०७ साली कांद्याचे भाव भडकले. (कांदा सगळीकडे सारखाच!) दलालांना वगळून शेतकऱ्यांनी थेट ग्राहकाला विकावं म्हणून नगरपरिषदेनं पाइक प्लेस मंडई सुरू केली. १९६० च्या दशकात तिथंही पाडापाडीची योजना आली. पण १९७१ मध्ये नागरिकांनी मतदान करून मंडई वाचवली आणि १९७३ मध्ये ती चालवायला एक सार्वजनिक संस्था स्थापन झाली. या संस्थेनं बोस्टनच्या नेमकं उलट केलं. सगळी जागा एका बड्या भाडेकरूला दिली नाही. स्वतःच शेकडो छोट्या भाडेकरूंची मालकीण झाली. शेतकरी आणि कारागीर रोजच्या रोज ओटा भाड्यानं घेतात. जो विकतो त्यानंच माल पिकवलेला किंवा बनवलेला असावा, हा तिथला मुख्य दंडक. साखळी दुकानांना मज्जाव आहे. अपवाद फक्त मंडईतच जन्मलेल्या दुकानांना. म्हणून १९७१ मध्ये सुरू झालेलं स्टारबक्स तिथं आहे. ही व्यवस्था चालवणं कटकटीचं आहे. शेकडो भाडेकरू म्हणजे शेकडो तक्रारी. पण बाजाराला बाजारपण राहिलं ते त्या कटकटीमुळे.

मग बड्या दुकानाला स्वस्तात जागा देण्यामागे शहाणपण काहीच नाही का? आहे, पण ते नीट समजून घ्यायला हवं. मॉलचा खासगी मालक एखाद्या मोठ्या दुकानाला कमी भाड्यात जागा देतो, हे खरं. त्याचा हिशोब सरळ असतो. मोठ्या दुकानामुळे गर्दी येते, ती गर्दी बाजूच्या पन्नास छोट्या दुकानांत शिरते, आणि त्या पन्नास दुकानांकडून तो जास्त भाडं घेतो. एका खिशातून गेलेलं दुसऱ्या खिशात येतं. नगरपालिकेचा दुसरा खिसा कुठं आहे? तिच्याकडे तेवढीच एक जागा. आजूबाजूची दुकानं दुसऱ्यांची. गर्दीचा फायदा झालाच तर तो शेजारच्या इमारतींच्या मालकांना, आणि पुष्कळदा तर फायदा होण्याऐवजी शेजारचा किराणा दुकानदारच बसतो. म्हणजे ज्याच्याकडून पालिका कर घेते, त्याच्याच पैशांतून त्याच्या प्रतिस्पर्ध्याला सवलत!

एक साधं गणित मांडतो, आकडे काल्पनिक आहेत. बाजारभावानं महिना पाच लाख भाडं येऊ शकतं आणि पालिकेनं जागा एक लाखात दिली, तर वर्षाला ४८ लाख रुपये सोडले. आता हेच ४८ लाख दरवर्षी एखाद्या दुकानसाखळीला देणगी द्या, असा ठराव सभागृहात मांडून पाहा. एक तरी नगरसेवक हात वर करील का? पण तीच देणगी कमी भाड्याच्या वेषात आली की अंदाजपत्रकात तिचा मागमूसही दिसत नाही. माझा आक्षेप मुख्यतः या न दिसण्याला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणारा माणूस फार पूर्वी होऊन गेला. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पुण्यात मोठी मंडई बांधायचा विषय आला तेव्हा तिच्यावर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची भूमिका होती. तरीही मंडई झाली. १८८६ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ते नाव बदलून फुल्यांचं नाव दिलं गेलं. ज्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, तिलाच त्यांचं नाव! मंडई उपयोगी ठरली, हे कबूल करायलाच हवं. पण सार्वजनिक पैसा कुणासाठी, हा फुल्यांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

कायद्यानंही हा विचार केलेला आहे. आपल्या राज्यातल्या महानगरपालिका कायद्याच्या कलम ७९ नुसार पालिकेची मिळकत साधारणपणे बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. अपवाद आहेत, पण ते अपवादच. दुसरीकडे, मुंबई बंदराच्या जागांवरून झालेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सांगितलं की सार्वजनिक मालकाची प्रत्येक कृती सकारण आणि लोकहिताची असली पाहिजे. २००४ मध्ये तर असंही सांगितलं की महागाईनुसार भाडं वाढवायला हरकत नाही, पण अशा मालकानं नफेखोर घरमालकासारखं वागू नये. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून वाचा. सार्वजनिक मालकानं भाडेकरूला पिळायचं नाही, आणि जनतेची वस्तू उधळायचीही नाही.

माझं मत आता सांगतो. सवलत देऊच नये असं नाही, पण ती जो बाजारभावानं उभा राहू शकत नाही त्याच्यासाठी असावी. पाटी घेऊन येणारी भाजीवाली, नवं काही करू पाहणारा तरुण, बचत गट, यांच्यासाठी. बड्या दुकानाला जागा द्यायचीच असेल तर जाहीर निविदा काढून, बाजारभावानं, विक्रीत वाटा घेऊन आणि मुदत दहा-पंधरा वर्षांपेक्षा जास्त नाही अशी द्यावी. पट्टा दुसऱ्याला विकायचा तर पालिकेची परवानगी हवी. आणि सवलत दिलीच, तर तिचा आकडा दरवर्षी अंदाजपत्रकात छापावा. गळक्या पत्र्यांचं म्हणाल, तर ते बदलायला भाडेकरू कशाला हवा? दुरुस्ती हे मालकाचंच काम आहे, आणि मालक म्हणजे तुम्ही-आम्ही.

आमच्या गावात अजून काही ठरलेलं नाही. सूचना आणि हरकती मागवल्या की मी हेच मुद्दे लिहून देणार आहे. तुमच्या गावच्या मंडईचं पुढे काय झालं? पट्टा किती वर्षांचा, भाडं किती, जुने गाळेवाले कुठं गेले? माहीत असेल तर जरूर लिहा. अशा नोंदी कुणी ठेवत नाही, आणि मग पुढच्या पिढीला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.