‘घर खाली करा’ म्हणण्यापूर्वी

शेती कसणाऱ्या कुळाचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. मालगुजारी गेली, कुळकायदे आले, हे शाळेतली मुलेसुद्धा थोडेफार सांगतात. पण शहरात दोन खोल्या किरायाने घेऊन राहणाऱ्या माणसाचे काय? घरमालकाने ‘घर खाली करा’ म्हटले, तर त्याला आधार कशाचा होता, तो केव्हा मिळाला आणि पुढे त्याचे काय झाले? ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पुण्या-मुंबईकडे ‘भाडे’ म्हणतात, आपण वर्ध्याकडचे लोक ‘किराया’ म्हणतो. हा भेद नुसत्या शब्दांचा नव्हता. पन्नास वर्षांहून अधिक काळ विदर्भाचा भाडेकायदाच निराळा होता.

वर्धा हे मुळातच बाहेरून आलेल्यांचे शहर. नागपुरातून वेगळा काढलेला जिल्हा १८६२ सालचा. त्याचे मुख्य ठिकाण आधी पुलगावजवळ कवठ्याला होते. १८६६ साली ते पालकवाडी या लहानशा खेड्याच्या जागी आणले आणि तेथे आजचे वर्धा वसले. रेल्वे आली, कापसाचा बाजार वाढला, हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्या निघाल्या. पुढे १९३४ नंतर गांधीजींच्या वास्तव्यामुळे देशभरची माणसे येथे येऊ लागली. कारकून, मास्तर, रेल्वेचा नोकर, गिरणीकामगार, कापसाच्या दलालाचा मुनीम, अशा मंडळींपैकी कितीकांचे या गावात स्वतःचे घर असणार? बहुतेकांचे बिऱ्हाड दुसऱ्याच्या घरात.

आणि त्या बिऱ्हाडाला कायद्याचा आधार काय, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. महिन्याच्या कराराने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली की भाडेपट्टा संपला. कारण सांगण्याची गरज नव्हती. किराया वेळेवर भरला, घर नीट राखले, तरी मालकाच्या मनात आले की बिऱ्हाड उचलायचे. घरे मुबलक असतात तोवर हे कसेबसे चालते. टंचाई झाली म्हणजे मात्र हीच पंधरा दिवसांची नोटीस किराया वाढवून घेण्याचे हत्यार बनते.

असे हत्यार महायुद्धाच्या काळात जगभर उगारले गेले. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात कारखान्यांमुळे माणसांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढविली. पुरुष आघाडीवर किंवा कारखान्यात. तेव्हा घरातल्या बायकाच उठल्या. मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने त्यांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. घर खाली करवायला आलेल्या अंमलदारांना त्यांनी दारातूनच परत लावले. १९१५ साली ब्रिटिश पार्लमेंटला भाडे गोठविणारा कायदा करावा लागला. तोच विचार १९१८ साली मुंबईच्या कायद्यात उतरला.

आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात ही वेळ दुसऱ्या महायुद्धाने आणली. सिमेंट-लोखंड लष्कराकडे वळले, नवी घरे बांधणे थांबले. पाठोपाठ फाळणी झाली आणि निर्वासित कुटुंबे आली. त्या सुमारास, १९४६ साली, प्रांतिक सरकारने घरे भाड्याने देण्याचे नियमन करणारा कायदा केला. त्याच्या आधारे १९४९ साली ‘मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश’ निघाला. नाव लांबलचक, लोक आपले नुसते ‘रेंट कंट्रोल’ म्हणत.

या आदेशाचे मर्म त्याच्या तेराव्या कलमात होते. भाडेकरूला भाडेपट्टा संपविण्याची नोटीस द्यायची असेल, तर घरमालकाने आधी भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घेतली पाहिजे, असे ते कलम सांगे. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात घरमालक दावा लावी आणि कारणांचा विचार न्यायालयात होई. विदर्भात कारणांचा विचार नोटिशीच्याही आधी होई. नियंत्रक म्हणजे महसूल खात्याचा अधिकारी. तो दोघांना बोलावी, दोघांचे ऐकून घेई. तीन महिन्यांचा किराया थकला आहे काय? परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला आहे काय? भाडेकरूने दुसरे घर मिळविले आहे काय? मालकाला स्वतःला राहायला घर खरोखरच हवे आहे आणि त्याचे गावात दुसरे घर नाही, असे आहे काय? असे एखादे कारण पटले तरच परवानगी. निकाल मान्य नसेल त्याला जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करता येई. परवानगी हाती आली, की मग नोटीस, मग दिवाणी दावा.

याच आदेशात आणखी एक तरतूद होती, ती त्या काळाची अडचण सांगते. ज्या ठिकाणी ती लागू होती, तेथे घर रिकामे होणार असले की मालकाने सरकारला कळवायचे. ते घर सरकारी नोकराला, निर्वासिताला किंवा घरातून काढल्या गेलेल्या माणसाला देण्याचा हुकूम जिल्ह्याचा अधिकारी करू शके.

आता घरमालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. सगळेच घरमालक काही पेढीवाले सावकार नसतात. नवऱ्यामागे एका घराच्या किरायावर दिवस काढणारी बाई हीही घरमालकच. आधी नियंत्रक, मग अपील, मग दिवाणी कोर्ट, मग नागपूरचे उच्च न्यायालय. मुलाच्या लग्नासाठी मागितलेली खोली नातवाच्या वेळी मिळावी, असे होऊ लागले. किराया जुना, घरपट्टी नवी. मग कौले कोण शाकारणार? मुंबईच्या कायद्यात तर भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेली होती. ती तशीच गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवास्तव झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट सांगितले.

दरम्यान १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. परंतु भाडेकायदे तीनच राहिले. पश्चिमेकडे मुंबईचा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा आणि आपल्याकडे हा १९४९ चा आदेश. शेवटी ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ झाला आणि ३१ मार्च २००० पासून सबंध राज्याला एकच कायदा आला. नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीची अट गेली. आता मालक थेट दिवाणी न्यायालयात जातो.

म्हणून संरक्षण संपले काय? नाही. या कायद्याखालील भाडेकरू किराया भरीत असेल आणि अटी पाळीत असेल, तर कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून त्याला काढता येत नाही. किराया थकला तरी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, पंधरा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर थकबाकीसाठी ताबा जात नाही. मालकाला स्वतःसाठी घर हवे असेल, तर कोणाची अडचण अधिक, हे न्यायालयाने तोलून पाहायचे असते. नळ किंवा वीज तोडून माणसाला हुसकावणे हा गुन्हा आहे.

पण खरी मेख निराळीच आहे. हे संरक्षण ‘भाडेकरू’ला आहे. आज वर्ध्यात खोली घेणारा विद्यार्थी किंवा बदलून आलेला शिक्षक पुष्कळदा अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर सही करतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नव्हे, परवानाधारक. मुदत संपली की कारणाचा प्रश्नच उरत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालक घर परत घेऊ शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. १८८२ ची ती विनाकारण नोटीस मागल्या दाराने परत आली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, पूर्वी जे संरक्षण परवानगीत होते ते आज कागदात आहे. सही करण्यापूर्वी कागदावर ‘भाडे’ लिहिले आहे की ‘परवाना’, ते वाचावे. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. दर महिन्याची पावती मागून घ्यावी. ती देणे मालकाचे कर्तव्य आहे. आणि कोणी सामान रस्त्यावर टाकून जबरीने ताबा घेतलाच, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो.

१९४९ चा आदेश गेला त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्याच्या दिरंगाईने दोन्ही पक्ष पोळले होते. तथापि त्याने घरमालकाला एक प्रश्न विचारला होता : घर का खाली करवता? घर मालकाचे असते हे खरे, पण त्यात संसार दुसऱ्याचा असतो. तो संसार हलवायचा, तर कारण सांगितले पाहिजे. एवढी अपेक्षा कोणत्याही काळी जास्त म्हणता येणार नाही.